आकाशाच्या तराजूची परीक्षा

रेडिओ पिधान या पद्धतीत हवेला स्पर्श न करता हवा मोजली जाते. दिशादर्शक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अखंड रेडिओ संकेत पाठवत असतात. मोबाइलवर रस्ता दाखवणारे संकेत ते हेच. सात-आठशे किलोमीटरवर फिरणारा दुसरा एक उपग्रह हे संकेत ऐकतो. फिरता फिरता दोघांच्या मध्ये पृथ्वीची कड येते, आणि पलीकडचा उपग्रह मावळतो. मावळण्याच्या त्या एक-दोन मिनिटांत संकेत वातावरणाच्या एकेका थरातून आडवा जातो, हवेमुळे वाकतो आणि निर्वात पोकळीतून आला असता त्यापेक्षा किंचित उशिरा पोचतो. विरळ थरांत हे वाकणे नगण्य असते. जमिनीलगत ते सुमारे एक अंशापर्यंत जाते. उशीर अणुघड्याळांच्या आधारे मोजायचा, त्यावरून वाकण्याचा कोन काढायचा, कोनावरून हवेचा अपवर्तनांक आणि अपवर्तनांकावरून दाब, तापमान व बाष्प. मावळत्या सूर्याचे बिंब क्षितिजाला टेकलेले दिसते तेव्हा सूर्य खरे तर क्षितिजाखाली गेलेला असतो. त्याला कारण असलेले अपवर्तनच येथे मोजमापाचे साधन झाले आहे.

ही युक्ती प्रथम परक्या ग्रहावर वापरली गेली. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ हे यान मंगळाच्या आड गेले, तेव्हा त्याच्या रेडिओ संकेतावरून मंगळाचे वातावरण किती विरळ आहे ते कळले. पृथ्वीसाठी तिचा प्रयोग १९९५ मध्ये झाला. २००६ मध्ये सोडलेल्या सहा कॉस्मिक उपग्रहांपासून ती हवामानाच्या रोजच्या कामात रुळली. भारताने २३ सप्टेंबर २००९ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या ओशनसॅट-२ उपग्रहावर ‘रोसा’ हे या जातीचे उपकरण होते. ते इटलीच्या अंतराळ संस्थेने दिले होते. १२ ऑक्टोबर २०११ रोजी सुटलेल्या मेघा-ट्रॉपिक्स या भारत-फ्रान्स उपग्रहावरही रोसा होते. मेघा-ट्रॉपिक्सची कक्षा विषुववृत्ताशी फक्त २० अंशांचा कोन करत होती, म्हणजे तो कर्कवृत्तापर्यंतही येत नसे. अशा कक्षेत उपग्रह आपल्या उत्तर आणि दक्षिण टोकांच्या आसपास अधिक वेळ घालवतो. उदाहरणादाखल, रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील साजगाव हे गाव सुमारे १८.८ उत्तर अक्षांशावर, त्या उत्तर टोकाच्या जवळच्याच पट्ट्यात येते.

अशा उपकरणाचे मूल्यमापन हे वरकरणी तंत्रज्ञांचे काम वाटते. त्याच्या तळाशी मात्र भारतीय दर्शनांनी दीड-दोन हजार वर्षे लढवलेला प्रश्न आहे: ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरते? साजगाववर दहा किलोमीटर उंचीवर हवा उणे तीस अंशांची आहे असे उपकरणाने सांगितले, तर ते मान्य करायचे कशाच्या बळावर? तेथे जाऊन कोणी पाहिलेले नाही. दुसऱ्या उपकरणाशी ताडून पाहावे, तर ते दुसरे खरे कशावरून?

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’ या ग्रंथात नेमके हेच विचारले. वस्तूंची सिद्धी प्रमाणांनी, म्हणजे ज्ञानाच्या साधनांनी, होते असे म्हटले, तर प्रमाणांची सिद्धी कशाने होते? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणावे तर त्यांना तिसरी हवीत, आणि मागे जाण्याला अंत उरत नाही; हा अनवस्थेचा दोष. प्रमाणे वस्तूंवरून आणि वस्तू प्रमाणांवरून सिद्ध होतात म्हणावे, तर तो अन्योन्याश्रय. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अशाच आक्षेपाला दिलेले उत्तर तराजूचे आहे. तराजूने सोन्याचे वजन करतात तेव्हा तराजू प्रमाण असतो. त्याच तराजूविषयी शंका आली, की ज्याचे वजन आधी ठाऊक आहे असे सोने पारड्यात घालून तराजूच तपासतात, आणि तेव्हा तो प्रमेय, म्हणजे जाणून घ्यायची वस्तू, होतो. प्रमाण आणि प्रमेय या वस्तूंच्या कायमच्या जाती नाहीत, त्या त्या प्रसंगी निभावलेल्या भूमिका आहेत. प्रत्येक तराजू केव्हा ना केव्हा तपासता येतो. सगळे तराजू एकाच वेळी संशयित ठरवणे तेवढे शक्य नाही, कारण संशय घ्यायलाही कशावर तरी उभे राहावे लागते.

साजगावच्या मातीत हा दृष्टान्त परका वाटणार नाही. येथील विठोबा ‘बोंबल्या विठोबा’ म्हणून ओळखला जातो, त्याची यात्रा कार्तिकात भरते आणि सुक्या मासळीच्या मोठ्या बाजारासाठी ती सगळ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. तुकाराम महाराज मिरचीच्या व्यापारासाठी घाट उतरून कोकणात आले, गिऱ्हाइकांच्या हाती माप देऊन त्यांनी ज्याच्या त्याच्या सचोटीवर सोडले, लोकांनी माल नेला आणि पैसे बुडवले. तेव्हा वसुलीला स्वतः विठोबा उभा राहिला, अशी आख्यायिका सांगितली जाते. मापाचा भरवसा मापणाऱ्याच्या हातावर सोडला तर काय होते, आणि त्या मापाची फेरतपासणी करणारा कोणी तरी हवा, हे दोन्ही त्या कथेत आहे. देव धावून येईल ही भक्ताची श्रद्धा. उपग्रहाच्या बाबतीत फेरतपासणी माणसांनाच करावी लागते.

तपासणीला हात घालण्याआधी उपकरण प्रत्यक्ष काय जाणते ते स्पष्ट हवे. ते फक्त काळ जाणते. संकेताची तरंगलांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते आणि तिच्या कलेतील मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरकही टिपता येतो. येथवर प्रत्यक्ष, पुढचे सगळे अनुमान. धुरावरून अग्नीचे अनुमान करायला धूर आणि अग्नी यांची व्याप्ती, म्हणजे न चुकणारे साहचर्य, ठाऊक असावे लागते. येथे व्याप्तींची साखळीच आहे. संकेत दोन वारंवारितांवर येतो आणि आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, त्या दोहोंना वेगवेगळे वाकवते, म्हणून दोन्हींची तुलना करून आयनांबराचा वाटा वजा करता येतो, ही पहिली. वातावरणाचे थर पृथ्वीभोवती सर्व बाजूंनी सारखे आहेत, म्हणून कोनांवरून एकेका उंचीचा अपवर्तनांक काढता येतो, ही दुसरी. यासाठीचे गणित नील्स हेन्रिक आबेल या नॉर्वेजियन गणितज्ञाने १८२०च्या दशकात, घरंगळणाऱ्या वस्तूंचा विचार करताना मांडले होते. हवेचा अपवर्तनांक जमिनीलगतही एकापेक्षा दहा हजारांत तीन-चार भागांनीच जास्त असतो, आणि तो जास्तीचा भाग दाब, तापमान व बाष्प यांनी ठरतो, ही तिसरी.

साखळीतली प्रत्येक कडी कुठे ना कुठे सुटते. आयनांबराचा थोडा अंश वजाबाकीनंतरही उरतो आणि सूर्य अधिक सक्रिय असताना तो वाढतो. खूप उंचावर संकेत इतका कमी वाकतो की तेथे मोजमापाला सरासरी हवामानाच्या कोष्टकांचा टेकू द्यावा लागतो. सगळ्यात मोठी अडचण तळाशी आहे. कोरड्या, उंच हवेत अपवर्तनांक दाब आणि तापमान यांवरच अवलंबून असतो आणि या दोघांचा एकमेकांशी संबंध वरच्या हवेच्या वजनातून मिळतो, म्हणून प्रश्न सुटतो. कोकणातल्या आषाढी हवेत बाष्पही मोठा वाटा उचलते. एकच संख्या हाती आणि अज्ञाते दोन, अशी गत होते. थोडी थंड व थोडी कोरडी हवा, आणि थोडी उबदार व थोडी अधिक दमट हवा, या दोन्ही संकेताला सारख्याच वाकवू शकतात. समुद्रावरच्या दमट थराच्या माथ्यावर कोरडी हवा टेकलेली असेल तर प्रकरण आणखी बिघडते: अपवर्तनांक इतक्या झपाट्याने बदलतो की संकेत त्या थरात अडकतो. तेव्हा एकाच नोंदीशी जुळणाऱ्या अनेक हवा संभवतात आणि नेहमीचे गणित त्यांतली सर्वांत कमी अपवर्तनांकाची निवडते. न्यायशास्त्रात अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात, म्हणजे जो एकाच साध्याशी निष्ठा राखत नाही तो. उपकरणाचा येथे दोष नाही, घड्याळ अचूकच आहे. पुरावाच अपुरा आहे, आणि पुरावा अपुरा असताना घड्याळ कितीही सुधारले तरी उपयोग नसतो.

मग ताडून पाहायचे कशाशी? पहिला साक्षीदार म्हणजे फुग्याला बांधून सोडलेला रेडिओसोंड. साजगावपासून सरळ रेषेत मुंबईतील सांताक्रूझ आणि पुण्यातील शिवाजीनगर ही दोन्ही ठिकाणे जवळजवळ सारख्याच अंतरावर, साठेक किलोमीटरवर आहेत. सांताक्रूझहून हवामान विभागाचे फुगे ठरल्या वेळी वर जातात. फुग्याने हवेत शिरून तापमान मोजलेले असते, म्हणून तोच खरा, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण फुग्याच्या संवेदकालाही ऊन लागते. उन्हाने तापलेला आर्द्रता-संवेदक हवा आहे त्यापेक्षा कोरडी दाखवतो, आणि जगभर वापरल्या गेलेल्या काही नामांकित रेडिओसोंडांत हा दोष आढळून आला. फुगा वर जायला दीड-दोन तास घेतो आणि वाऱ्याबरोबर दूर वाहत जातो. शिवाय रेडिओ पिधानाच्या जागा फुग्याच्या वेळेला आणि ठिकाणाला बांधलेल्या नसतात. म्हणून दोन-तीन तास आणि दोन-तीनशे किलोमीटर यांच्या आतल्या जोड्या तुलनेसाठी घेतल्या जातात. आंध्र प्रदेशातील गादंकीच्या वातावरण प्रयोगशाळेत कॉस्मिक उपग्रहांच्या नोंदी तेथल्या फुग्यांशी अशाच ताडून पाहिल्या गेल्या.

एवढ्या अंतराची सूट घातक ठरू शकते, हे मुंबईकरांना समजावून सांगावे लागत नाही. २६ जुलै २००५च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरात पंचविसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नव्हता. दोन्ही पर्जन्यमापके बरोबर होती. दोन प्रमाणे एकमेकांशी जुळली नाहीत म्हणजे त्यांतले एक चुकले, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. कदाचित त्यांना विचारलेले प्रश्नच वेगळे असतील. रेडिओ पिधानाच्या एका नोंदीला उभ्या दिशेने काही शे मीटरचा फरक ओळखता येतो, पण आडव्या दिशेने ती दोन-तीनशे किलोमीटरच्या हवेची एकत्रित खबर असते. साजगाववरून पश्चिम-पूर्व गेलेल्या अशा पट्ट्यात अरबी समुद्र, खलाटी, बोरघाटाची भिंत आणि दख्खनचे पठार हे सगळे येते. घाटमाथ्यावरच्या लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि पुण्याला साधारण सातशे. थर सर्व बाजूंनी सारखे आहेत, हे गृहीतक सह्याद्रीने येथे जाहीरपणे मोडून काढले आहे. ‘साजगाववरची हवा’ हे शब्द उपकरणाच्या तोंडी येतात तेव्हा त्यांचा अर्थ गावकऱ्याच्या अर्थापेक्षा फार रुंद असतो. मूल्यमापनात हे आधी लिहायला हवे.

दुसरा साक्षीदार म्हणजे हवामानाचे संगणकीय प्रारूप. ते सगळीकडची आणि सगळ्या वेळांची हवा सांगते, म्हणून तुलनेला सोयीचे पडते. धोकाही तेथेच आहे. तापमान आणि बाष्प वेगळे करताना प्रारूपाचीच मदत घेतलेली असते. त्याच नोंदी पुढे प्रारूपाला खाऊ घातल्या जातात. मग प्रारूपाशी नोंदी उत्तम जुळतात असे सांगणे म्हणजे साक्षीदाराला उत्तर शिकवून त्याच्याकडून तेच वदवून घेणे. नागार्जुनाने दाखवलेला अन्योन्याश्रय तो हाच. यातून वाट काढायची तर तुलना शक्य तितकी उगमाकडे न्यावी लागते: तापमानाऐवजी वाकण्याचा कोन ताडायचा, कारण त्यात प्रारूपाचा हात सर्वांत कमी असतो. हवामान केंद्रांनी पुढे हाच मार्ग धरला, आणि तो तत्त्वदृष्ट्याही बरोबर आहे.

तिसरी कसोटी जुळ्यांची. कॉस्मिकचे सहा उपग्रह २००६ मध्ये सुटले तेव्हा सुरुवातीला एकमेकांच्या जवळ उडत होते, त्यामुळे एकाच हवेच्या दोन नोंदी मिळत आणि त्या फार सुरेख जुळत. यातून उपकरण स्वतःशी किती सुसंगत आहे ते कळले. ते खरे आहे की नाही हे त्यातून कळत नाही, कारण जुळ्यांचे दोषही जुळे असतात.

सर्वांत सुंदर कसोटी तीन परक्यांची आहे. फुगा, पिधान आणि प्रारूप यांपैकी खरे कोण हे ठाऊक नाही. तरी पहिल्या-दुसऱ्यातला, दुसऱ्या-तिसऱ्यातला आणि तिसऱ्या-पहिल्यातला फरक मोजता येतो. तिघांच्या चुका एकमेकींशी संबंध नसलेल्या असतील, तर या तीन फरकांवरून प्रत्येकाची स्वतःची चूक किती हे साध्या बीजगणिताने निघते. सत्य हाती नसताना सत्यापासूनचे अंतर कळते. ही पद्धत १९७०च्या दशकात अणुघड्याळे तपासण्यासाठी मांडली गेली होती. ज्या घड्याळांवर आज ही आकाशाची मोजणी उभी आहे, त्यांचीच परीक्षा तिने झाली. न्यायसूत्रांतल्या तराजूपेक्षा हे एक पाऊल पुढे आहे, कारण येथे ज्ञात वजनाचे सोनेही लागत नाही. अट मात्र कडक आहे, साक्षीदार खरोखर परके असले पाहिजेत. त्यांच्यात छुपे नाते निघाले तर बीजगणित शांतपणे खोटे उत्तर देते. म्हणून मूल्यमापन करणाऱ्याचा अर्धा वेळ नाती शोधण्यात जातो, आणि जायलाच हवा.

मीमांसकांचा पक्ष येथे निराळा उभा राहतो. कुमारिल भट्टांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. ते खोटे ठरवायला दोनच गोष्टी लागतात: त्याला बाधणारे दुसरे ज्ञान, किंवा ज्या कारणांतून ते उपजले त्यांत दोष असल्याची जाणीव. यांपैकी काही आढळत नाही तोवर संशय घ्यायला जागा नाही. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून ठरते, आणि ते ठरवणारे मुख्य चिन्ह म्हणजे सफल कृती. पाणी आहे असे वाटून गेलेल्याची तहान भागली, तर ते ज्ञान खरे.

रेडिओ पिधानाच्या इतिहासात दोन्ही पक्षांना आपापला प्रदेश मिळालेला दिसतो. साधारण ८ ते २५ किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात पद्धत मीमांसकांची आहे. तेथे मोजणी जवळजवळ निव्वळ काळाची आहे, तापमान साधारण एका अंशाच्या आत बरोबर येते, आणि उपकरण जुने झाले म्हणून मोजणी सरकत नाही. इतर बहुतेक उपग्रहीय नोंदी हवामान केंद्रे दुरुस्ती करून वापरतात. या नोंदी मात्र दुरुस्तीविना घेतल्या जातात आणि त्यांच्या आधारे इतरांना जाग्यावर ठेवले जाते. पडताळणीत बाधक ज्ञान किंवा कारणदोष आढळला, तर तेवढी नोंद बाजूला काढतात. खालच्या पाच-सात किलोमीटरांत नैयायिकांचे राज्य सुरू होते. तेथे नोंद स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. तिला बाहेरच्या साक्षी लागतात आणि शेवटी फळ पाहावे लागते: नोंदी घेतल्याने उद्याचा अंदाज सुधारला की बिघडला? या फलकसोटीवरही डोळे मिटून विसंबता येत नाही, कारण दोन चुका एकमेकींना मारून अंदाज तात्पुरता बरा दाखवू शकतात. तरी फार दिवस, फार प्रदेशांत आणि फार ऋतूंत फळ मिळत राहिले, तर ते योगायोग म्हणून सोडून देणे अवघड होते. दोन दर्शनांमधला हा वाद एकाचा विजय मानून मिटवण्यापेक्षा उंचीनुसार वाटून घेणे अधिक सत्याला धरून आहे.

ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभवा’त प्रमाणांची मातब्बरीच नाकारलेली आहे. जे स्वयंप्रकाश आहे, ते सिद्ध करायला प्रमाण लागत नाही आणि ते असिद्ध करायलाही प्रमाण पुरत नाही, अशी त्या ग्रंथाची भूमिका आहे. साजगावच्या देवळात उभ्या असलेल्या वारकऱ्याला विठोबाच्या असण्याचा पुरावा मागणे म्हणूनच गैरलागू ठरते. पण ही सवलत आत्मवस्तूची आहे. देवळावरच्या ढगाला ती नाही. ढग आपल्याहून वेगळा आहे, आपल्या श्रद्धेने तो उणा-अधिक बरसत नाही, आणि त्याच्याविषयी बोलताना पुरावा द्यावाच लागतो. श्रद्धेची भाषा उपकरणाला लावणे आणि उपकरणाची भाषा श्रद्धेला लावणे, या दोन्ही चुका सारख्याच वजनाच्या आहेत.

व्यवहारात मात्र त्यांतली पहिली अधिक महाग पडते. १९ जुलै २०२३च्या रात्री, मुसळधार पावसात, याच खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. दोन-तीनशे किलोमीटरच्या हवेची एकत्रित खबर देणारे उपकरण अशा एका वाडीविषयी काही सांगू शकत नाही, आणि सांगू शकते असे कोणी भासवू नये. ते सांगू शकते ते घाटाकडे येणाऱ्या हवेच्या मोठ्या रचनेविषयी. त्यावर अंदाज उभा राहतो, आणि वाडीपर्यंत पोचायला पर्जन्यमापक, रडार, डोंगराची पाहणी आणि वेळेवर हलवण्याची व्यवस्था लागते. उपकरणाच्या मूल्यमापनात त्याची चूक किती आणि त्याची रुंदी किती हे लिहिणे ही केवळ शास्त्रीय शिस्त नाही. ज्यांच्या डोक्यावर तो डोंगर आहे त्यांच्याशी खरे बोलण्याचा तो भाग आहे, आणि सत्यवचनाला धर्म मानणाऱ्या परंपरेत त्याला धर्मच म्हटले पाहिजे.

मेघा-ट्रॉपिक्स ७ मार्च २०२३ रोजी नियंत्रितपणे खाली आणून पॅसिफिक महासागरावर संपवण्यात आला. २०१९ मध्ये कॉस्मिक-२चे सहा उपग्रह विषुववृत्ताशी २४ अंशांचा कोन करणाऱ्या कक्षांत सोडले गेले, आणि त्यांच्या पट्ट्यात साजगावचा अक्षांशही येतो. त्यांच्या नोंदी वरच्या हवेसाठी जशाच्या तशा स्वीकाराव्यात, आणि पावसाळ्यातल्या खालच्या दमट हवेसाठी फुगे, रडार व जमिनीवरच्या नोंदी यांच्या साक्षीशिवाय स्वीकारू नयेत, हाच आजवरच्या पडताळणीतून निघणारा निवाडा आहे.